देवाच्या आणि नफ्याच्या नावाने: व्याज पाप असताना फ्लॉरेन्सच्या पेढ्या चालल्या कशा?

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन युरोपात व्याज घेणं चर्चच्या लेखी पाप होतं. मग चौदाव्या-पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये एवढ्या मोठ्या बँका उभ्या कशा राहिल्या? ते व्यापारी सरळसरळ ढोंगी होते का?

आधी माझी बाजू सांगतो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. 34 वर्षं लेखापरीक्षणात गेली, आणि त्यातली निम्मी वर्षं इटलीतल्या जुन्या खातेवह्यांबद्दल जे मिळेल ते वाचण्याचा नाद जडला. त्यामुळे उत्तर हिशेबनीसाचं आहे. धर्मशास्त्राचे बारकावे कुणाला अधिक माहीत असतील तर त्यांनी माझा कान धरावा.

बंदी नेमकी कशावर होती ते आधी बघू, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. आपल्याकडे सावकारीला मर्यादा होती, बंदी नव्हती. दामदुप्पटीचा नियम म्हणतो की साचलेलं व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. चर्चचा नियम मर्यादेचा नव्हताच. कर्ज दिलं आणि मुद्दलापेक्षा एक कवडी जास्त मागितली की झाली ‘उसुरा’. दर 2 टक्के असो की 40, पाप तेच. युक्तिवाद असा, की सावकार शेवटी वेळ विकतो, आणि वेळ तर देवाची आहे. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखाऊला पवित्र कम्युनियन (चर्चमधला पाव-वाइनचा प्रसादविधी) आणि ख्रिस्ती दफन दोन्ही नाकारलं. 1311-12 च्या व्हिएन परिषदेने आणखी पुढे जाऊन ठरवलं, की व्याज हे पापच नाही असं जो हट्टाने म्हणेल तो पाखंडी समजावा.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वेगळीच अट. नुसता पश्चात्ताप पुरत नव्हता. घेतलेलं व्याज ज्याचं त्याला परत करावं लागे, तो सापडला नाही तर गोरगरिबांना द्यावं लागे, आणि बापाने परत केलं नसेल तर ती जबाबदारी वारसांवर येई. लेखापरीक्षकाच्या कानाला हे पापासारखं वाटतच नाही. हे सरळ देणं आहे, ताळेबंदात दाखवायचं. रक्कम अनिश्चित, मुदत अनिश्चित, पण मरणाच्या दिवशी वसूल होणारच. पादुआतल्या रेजिनाल्दो स्क्रोव्हेन्यी या सावकाराला इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यातल्या नरकात बसवलं. त्याच्या मुलाने, एन्रिकोने, तिथेच एक चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनामंदिर, बांधून घेतलं आणि चित्रं काढायला जोत्तो या नामवंत चित्रकाराला बोलावलं. 1305 मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. भिंतीवरच्या अंतिम न्यायाच्या चित्रात एन्रिको स्वतः गुडघे टेकून त्या चॅपेलची प्रतिकृती मरियेला अर्पण करताना दिसतो. त्यात प्रायश्चित्त किती आणि मिरवणं किती यावर अभ्यासक अजून भांडतात. मला विचाराल तर दोन्ही एकाच पावतीवर होतं.

आता धंदा चालला कसा? हुंडीवर.

हुंडी हा शब्द आपला असला तरी वस्तू जवळजवळ तीच. समजा, व्हेनिसमधल्या एका व्यापाऱ्याकडे 1000 दुकाट (तिथलं सोन्याचं नाणं) पडून आहेत. तो ते दुसऱ्याला देतो आणि बदल्यात लंडनवरची हुंडी घेतो: तीन महिन्यांनी लंडनमध्ये माझ्या माणसाला दर दुकाटामागे 47 पेनी द्याव्यात. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. व्हेनिस-लंडन मुदत मात्र खरोखर तीन महिन्यांची असे.) लंडनमधल्या माणसाच्या हातात 47,000 पेनी आल्या. त्याने त्या तिथल्या कुणाला तरी देऊन व्हेनिसवरची उलटी हुंडी घेतली. पण लंडनमध्ये त्या दिवशी दर 44 पेनीचा होता. 47,000 ला 44 ने भागा, 1068 दुकाट आले. सहा महिन्यांत 68 दुकाट सुटले आणि कागदावर ‘व्याज’ हा शब्द कुठेही नाही. आहे ती हुंडणावळ, म्हणजे हुंडीच्या दरांतला फरक.

ही लबाडी झाली का? इथे जरा थांबावं लागेल. परतीचा दर आधी कुणालाच ठाऊक नसे. बहुतेक वेळा तो फायद्याचा निघे, कारण प्रत्येक शहरात स्वतःचं चलन थोडं चढ्या भावाने धरलं जाई. पण कधीकधी अंगावरही येई. जोखीम आहे, जागा बदलली आहे, चलन बदललं आहे. म्हणून पुष्कळ धर्मपंडितांनी याला कर्ज न म्हणता विनिमय म्हटलं. जिथे पैसा कुठे जातच नव्हता, हुंडी नुसती कागदावर लंडनला जाऊन परत येई आणि दर आधीच ठरलेला असे, त्याला त्यांनी ‘सुका विनिमय’ असं नाव देऊन निषिद्ध ठरवलं. म्हणजे कुंपण कुठे आहे ते दोन्ही बाजूंना माहीत होतं. करसल्लागाराचं सगळं आयुष्य अशाच कुंपणाच्या कडेने चालण्यात जातं, त्यामुळे मला त्या पंडितांबद्दल आणि त्या व्यापाऱ्यांबद्दल सारखाच जिव्हाळा आहे.

बाकीच्या वाटाही होत्या. समुद्रावरच्या कर्जात जोखमीपोटी जास्तीचे पैसे घेणं तेराव्या शतकात पोपने निषिद्ध ठरवलं. मग जोखीम कर्जापासून वेगळी काढून स्वतंत्र विकली जाऊ लागली. तोच सागरी विमा. जिनोआतला 1347 चा जो करार सर्वांत जुन्या विमापत्रांत गणला जातो, तो वाचायला गेलं तर बिनव्याजी कर्जाचा करार दिसतो! ठेवींचंही तसंच. पेढी ठेवीदाराला व्याज देत नसे. वर्षाअखेरीस आपल्या मर्जीने ‘भेट’ देई. ठेवीदारांत कार्डिनलसुद्धा असत. खुद्द फ्लॉरेन्स नगरराज्याने 1345 मध्ये आपलं सगळं जुनं कर्ज एकत्र करून त्यावर वर्षाला 5 टक्के द्यायला सुरुवात केली, आणि हे व्याज की सक्तीने घेतलेल्या पैशाची भरपाई यावर धार्मिक पंथांचे विद्वान पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत राहिले.

आता माझा मुख्य मुद्दा, जो अशा चर्चांत सहसा येत नाही. हुंडीचा मार्ग कुणाला मोकळा होता? ज्याचा माणूस लंडनला, ब्रुजला, बार्सिलोनाला बसला आहे त्याला. शहराच्या वेशीबाहेरच्या शेतकऱ्याला बियाण्यासाठी चार नाणी हवी असतील तर त्याला कसली हुंडी? तो घोंगडी नाहीतर नांगराचा फाळ घेऊन गहाणवट्याकडे जाई. तिथे व्याज उघडं होतं, म्हणून पाप उघडं. फ्लॉरेन्समध्ये असे गहाणवटे नगराला दरवर्षी ठरावीक दंड भरत आणि त्या दंडाच्या बदल्यात वर्षभर निर्धास्त बसत. नावाला दंड, कामाला परवाना. (आमच्या धंद्यात याला तडजोड शुल्क म्हणतात.) 1437 पासून हे काम नगराने कराराने ज्यू सावकारांकडे सोपवलं, दर वर्षाला 20 टक्के. गिऱ्हाईक गरीब, दर चढा, दुकान रस्त्यावर. सगळा राग तिथेच साचला. फ्रान्सिस्कन साधूंनी यावर उपाय म्हणून 1462 मध्ये पेरुजात ‘मोंते दि पिएता’ ही गरिबांसाठीची स्वस्त गहाणपेढी उभी केली आणि ती इटलीभर पसरली. कल्पना उत्तम. पण तिच्या प्रचारासाठी फेल्त्रेच्या बर्नार्दिनोने जी प्रवचनं दिली ती ज्यूंच्या विरोधात आग ओकणारी होती. हुंड्यांच्या व्यापाऱ्यांवर अशी आग कुणी ओकल्याचं फारसं दिसत नाही. बंदीने व्याज थांबलं नाही. पापी म्हणून बोट कुणाकडे दाखवायचं एवढं ठरलं.

मग ज्यांच्याकडे बोट दाखवलं गेलं नाही ते मजेत होते का? नव्हते, आणि म्हणूनच ‘ढोंगी’ हा शब्द मला पटत नाही.

मी उमेदवारी करत होतो तेव्हा मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीची तपासणी माझ्याकडे आली. चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’, खाली शुभ-लाभ, आणि देण्याच्या बाजूला एक खातं: धर्मादा. प्रत्येक बिलावर काही पैसे त्या नावाने कापलेले. मी मुनीमजींना विचारलं, हे देणं कुणाचं? ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “देवाचं. दुसरं कुणाचं?” पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता हे कळलं. 1979 च्या निकालात न्यायालयाने धर्माद्याची रक्कम हे व्यापाऱ्याचं उत्पन्न नाही असंच ठरवलं. म्हणजे मुनीमजी बरोबर होते.

कितीतरी वर्षांनी वाचलं, की फ्लॉरेन्सच्या बार्दी आणि पेरुत्सी या चौदाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांच्या वह्यांतही देवाच्या नावाचं खातं असे. ‘मेस्सेर दोमेनेद्दिओ’, म्हणजे जवळजवळ ‘श्रीयुत देवबाप्पा’. फरक एक होता, आणि तो मोठा आहे. आमच्या अडत्याकडे ते गिऱ्हाइकाचे पैसे होते, पेढीकडे सांभाळायला दिलेले. फ्लॉरेन्समध्ये देव भागीदार होता. भांडवलात त्याचा हिस्सा, नफा वाटताना त्याला वाटा, तो गरिबांना पोचवायचा. पेरुत्सी 1343 मध्ये आणि बार्दी 1346 मध्ये बुडाले. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डकडचं कर्ज बुडालं हे त्याचं नेहमी सांगितलं जाणारं कारण. ते एकटं पुरेसं नव्हतं असं आता बरेच जण म्हणतात.

धर्म आणि बाजार एकाच इमारतीत कसे राहत हे बघायचं असेल तर फ्लॉरेन्सची ओर्सानमिकेले बघा. मुळात धान्याचा बाजार. तिथल्या मरियेच्या चित्रापुढे नवस बोलले जाऊ लागले, 1348 च्या प्लेगनंतर मृत्युपत्रांतून देणग्यांचा पूर आला, आणि बाजाराचं देऊळ झालं. वर धान्याचं कोठार तसंच राहिलं. कोठारातून धान्य खाली सोडायची वाट एका खांबाच्या पोटात आहे. बाहेरच्या कोनाड्यांत प्रत्येक व्यवसायसंघाने आपापल्या संताची मूर्ती बसवायची होती. पेढीवाल्यांचा संत म्हणजे मत्तय, जो येशूमागे जाण्याआधी जकात वसूल करत बसलेला होता! 1419 मध्ये त्यांनी शिल्पकार घिबेर्तीशी करार केला. त्यातली एक अट मला फार आवडते: ही मूर्ती कापडव्यापाऱ्यांच्या संत योहानापेक्षा लहान असता कामा नये.

पण खरं बघायचं ते एका माणसाच्या कागदांत. फ्रान्चेस्को दि मार्को दातिनी, गाव प्रातो, फ्लॉरेन्सच्या शेजारचं. जन्म 1335 च्या सुमाराचा. 1348 च्या प्लेगने आईबाप आणि भावंडं नेली. हा आणि एक भाऊ उरले. पंधराव्या वर्षी जमिनीचा तुकडा विकून आलेले 150 फ्लोरिन (फ्लॉरेन्सचं सोन्याचं नाणं) घेऊन तो आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंला गेला. तेव्हा पोपचा दरबार तिथे होता, म्हणजे पैसा तिथे होता. चिलखतं विकली, मीठ, कापड, आणि पूजेची चित्रंसुद्धा. फ्लॉरेन्सहून चित्रं मागवताना त्याच्या पेढीची सूचना अशी, की घाई करू नका, चित्रकाराला पैशांची नड असेल तेव्हा स्वस्तात घ्या. 1383 च्या सुरुवातीला तो गावी परतला आणि पिसा, फ्लॉरेन्स, जिनोआ, बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, मायोर्का अशा पेढ्या उभ्या केल्या. प्रत्येक पेढी वेगळी भागीदारी. एक बुडाली तर दुसरी ओढली जाऊ नये. बार्दींचं बुडणं त्या शहरात कुणी विसरलं नव्हतं.

कागद फेकायचा नाही अशी त्याची शिस्त होती, आणि त्याने मरताना वह्या-पत्रं जपायला सांगून ठेवलं. 1870 मध्ये ती त्याच्याच घरात जिन्याखाली सापडली: सुमारे 1,50,000 पत्रं, 500 हून अधिक खातेवह्या, शेकडो भागीदारीपत्रं आणि विमापत्रं. वह्यांच्या सुरुवातीला लिहिलेलं असे, ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’. शुभ-लाभ लिहिणाऱ्या माणसाला यात विनोद दिसायचं कारण नाही.

1398 च्या सुमाराला दातिनीने फ्लॉरेन्समध्ये निव्वळ पैशाच्या व्यवहाराची पेढी काढायचं ठरवलं. बाजारात कुजबुज झाली. त्याच्या एका भागीदाराने त्याला कळवलंच, की लोक म्हणतात, एवढा मोठा व्यापारी सराफ व्हायला निघाला, आणि सराफांत व्याजाचे करार न करणारा एकही नाही. बघा, हे चर्च म्हणत नव्हतं, शेजारचा दुकानदार म्हणत होता. पेढी दोनेक वर्षं चालली. 1400 च्या प्लेगमध्ये त्या पेढीतला भागीदार गेला आणि ती बंद झाली.

त्याच्या आदल्या वर्षी, 1399 च्या ऑगस्टमध्ये, पांढरी वस्त्रं घालून क्षमेचा गजर करत गावोगाव फिरणाऱ्या ‘बियांकीं’ची लाट आली. पासष्टीच्या घरातला दातिनीही अनवाणी निघाला. मांस वर्ज्य, नऊ-दहा दिवसांची पदयात्रा. आणि त्याने स्वतःच नोंदवून ठेवलंय की सोबत दोन घोडे आणि एक खेचर होतं, त्यांवर मिठाईचे डबे, चीज, पाव, बिस्किटं, मेणबत्त्या. लोक ही नोंद वाचून हसतात. मला मात्र दिंडीमागून येणारा सामानाचा ट्रक आठवतो. सामान मागून येतं म्हणून पायाला खडे टोचायचे थांबत नाहीत.

त्याचा मित्र लापो मात्सेई नोटरी होता, फ्लॉरेन्सच्या सान्ता मारिया नुओव्हा रुग्णालयाचं काम बघायचा. वर्षानुवर्षं तो पत्रांतून एकच पालुपद लावतो: बांधकामं पुरे, पेढ्या पुरे, आता आत्म्याचा हिशेब कर. बायको मार्गेरिताही तेच सुनावते, नोटरीपेक्षा जरा झणझणीत शब्दांत.

एक गोष्ट मात्र या सगळ्या टोचणीत सापडत नाही. दातिनीच्या पेढ्या गुलामांचाही व्यवहार करत. 1360 च्या दशकात फ्लॉरेन्सने अख्रिस्ती गुलाम आणायला परवानगी दिली होती. काळ्या समुद्राकडून आणलेल्या मुली घराघरांत राबत. दातिनीला मार्गेरितापासून मूल झालं नाही. त्याची मुलगी जिनेव्हरा 1392 मध्ये लुचिया नावाच्या त्याच्या गुलाम मुलीच्या पोटी जन्मली आणि पुढे मार्गेरितानेच तिला वाढवलं. व्याजाच्या पैशावर रात्रभर कूस बदलणारा हा समाज माणसाच्या विक्रीची नोंद कापडाच्या गाठीसारखी करतो. त्या वह्यांबद्दल वाचताना मी सर्वांत जास्त वेळ अडतो तो इथे.

‘चर्चला हे कळत नव्हतं का?’ हा उपप्रश्न हमखास येतो. न कळायला काय झालं! इंग्लंडपासून पोलंडपर्यंतचा धर्मकर रोमला पोचवायचा कुणी? याच पेढ्यांनी, हुंड्यांनी. 1397 मध्ये मेदिचींनी बँक काढली आणि पहिल्या वीसेक वर्षांत तिच्या नफ्याचा निम्म्याहून अधिक भाग रोमच्या शाखेतून आला. बिशपने पैसे थकवले तर बहिष्काराची धमकी वसुलीला उपयोगी पडे. असा वसुली अधिकारी आमच्या कुठल्याच बँकेला मिळाला नाही. पुढे कोसिमो दे मेदिचीच्या मनाला पैशाबद्दल टोचणी लागली, तेव्हा पोप चौथ्या युजीनच्या सल्ल्याने त्याने सान मार्कोचा मठ नव्याने बांधून दिला, आणि तिथे स्वतःसाठीही दोन खोल्या ठेवल्या.

दातिनीने मठ बांधला नाही. 16 ऑगस्ट 1410 ला तो वारला तेव्हा मृत्युपत्रात सुमारे 70,000 फ्लोरिन प्रातोच्या गरिबांसाठी ठेवले होते. 1000 फ्लोरिन फ्लॉरेन्समध्ये टाकून दिलेल्या मुलांसाठी आश्रम काढायला. त्या पैशातून सुरुवात होऊन वास्तुकार ब्रुनेलेस्कीच्या हातचं इन्नोचेन्तीचं अनाथालय उभं राहिलं, आणि फेब्रुवारी 1445 मध्ये तिथे पहिली मुलगी आली. गरिबांच्या निधीचं नाव ‘चेप्पो’. त्याच्या कारभाराबद्दल दातिनीने मुद्दाम लिहून ठेवलं, की तो प्रातोच्या नगराने नेमलेल्या चार माणसांनी बघावा, त्यांनी वर्षाचा हिशेब द्यावा, आणि कुठल्याही बिशपचा किंवा पाद्रीचा या पैशाशी काही संबंध असू नये.